उचललं म्हणजे वापरलं

दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी वासंती होम केअरच्या नाशिकच्या कचेरीत एक बैठक व्हायची. कागदोपत्री तिला 'मागणी आढावा' असं सोज्वळ नाव होतं, प्रत्यक्षात ते भांडण असे. विक्रीची माणसं आकडा फुगवून सांगत, कारखान्याची माणसं हात आखडून बसत, हिशेबवाले दोघांवरही डोळे वटारत, आणि या सगळ्यांच्या मध्ये पराग दुसाने नावाचा नियोजक बसलेला असे. पुढच्या महिन्यात किती साबण, किती तेल, किती भांड्यांची पावडर करायची याचा एकच आकडा ठरवून तो सगळ्यांच्या गळी उतरवायचा, हे त्याचं काम. पंचवीसेक वर्षं हे काम करता करता डोक्यावरचे केस आणि स्वभावातला गोडवा त्याने बऱ्यापैकी गमावला होता.

विक्रीच्या पोरांना गप्प करायची त्याची एक ठरलेली रीत होती. महिनाअखेर आली की ही पोरं आपलं लक्ष्य पुरं करायला वितरकांच्या गोदामात माल कोंबत आणि बैठकीत छाती फुगवून सांगत, बघा, किती खप झाला. पराग चष्मा कपाळावर सरकवून विचारी, "खप झाला, की माल गेला?"

"एकच ना सर."

"एकच कसं बाबा? तू ट्रक भरून माल धाडलास, तो वितरकाकडे पडलाय. तिथून दुकानात जाईल, दुकानातून घरात जाईल, घरात कुणीतरी पुडा फोडेल, तेव्हा खप. तोवर तू मालाची फक्त जागा बदललीस."

कंपनीत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी ऐकून घ्यावं लागे. मागे बसलेले जुने लोक तोंडावर हात ठेवून हसत.

मग 'ओघ' आला.

ओघ ही कंपनीने घेतलेली नवी यंत्रणा. तिच्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. पूर्वी घरातला साबण संपला की घरचे दुकानात जात, दुकानदार वितरकाला सांगे, वितरक कंपनीला, आणि कमी पडायला नको म्हणून प्रत्येक जण मागणीत पदरची थोडी भर घाली. चार वड्यांची वाढ कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर चार ट्रकांची होऊन बसे. ओघाने मधली ही सगळी घाबरट माणसं काढून टाकली. नव्या सोसायट्यांमध्ये प्रत्येक दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा असे. बाहेरून कंपनीची गाडी त्यात माल ठेवी, आतून घरचे उचलून घेत. कोनाड्याच्या तळाशी वजन मोजणारी पट्टी होती. शिवाय पुड्यांवर आणि बाटल्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईची एक बारीक रेघ छापलेली असे. वेष्टण फाटलं किंवा झाकण फिरलं की ती रेघ तुटे आणि यंत्राला कळे, या घरात आज नवी बाटली उघडली. अशा लाखो घरांच्या सवयी शिकून ओघ एकेका घराचा अंदाज बांधी आणि जुनी वस्तू संपायच्या आत नवी कोनाड्यात हजर करी. कुणी मागायला नको, कुणी विसरायला नको.

पराग या यंत्रावर नव्या नवरदेवासारखा लट्टू झाला होता. अंदाजाच्या अंधारात उभी हयात चाचपडल्यावर कुणीतरी खोलीत दिवा लावावा तसं त्याला वाटलं. रात्री जेवताना बायको वृषाली आणि कॉलेजात शिकणारी लेक मृण्मयी यांना तो ताट सुकेपर्यंत ओघाचं कौतुक ऐकवी. "घरात पाहुणे आले, आम्हाला कळतं. कोणी आजारी पडलं, कळतं. घरात पाळणा बांधायच्या आधी आम्हाला कळतं, आजीला नंतर."

"ए बाबा," मृण्मयी म्हणाली होती, "म्हणजे मी उद्या कुठे लांब राहायला गेले तर मला फोनसुद्धा नाही करणार तू?"

"फोन कशाला लागतोय? इथे बसून सगळं दिसेल मला."

तिघंही हसले होते. मृण्मयी हसली की तिची जाड वेणी खांद्यावरून पुढे येई आणि ती मान झटकून मागे टाकी.

पुढे मृण्मयीने ओंकार पिंजरकरशी लग्न करायचं ठरवलं आणि घरात ठिणगी पडली. ओंकार अमरावतीचा, फवारणीच्या ड्रोनची दुरुस्ती करणारा, तिच्याहून वयाने बराच मोठा आणि एक लग्न मोडलेला. परागने त्याला भेटायलाही नकार दिला. शब्दाने शब्द वाढला आणि दारात चपला घालणाऱ्या लेकीला तो म्हणाला, "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." असली वाक्यं माणसं रागात बोलून जातात आणि दुसऱ्या दिवशी गिळून टाकतात. परागला ते जमलं नाही. तो लग्नाला गेला नाही, वृषालीलाही जाऊ दिलं नाही. मृण्मयीने आईला नवा पत्ता कळवला आणि खाली लिहिलं, आधी बाबांनी बोलायचं. बाबा म्हणाले, आधी तिने बोलायचं. बापलेकीचं नाक एकाच साच्यातलं. वृषालीने दोन-चारदा फोन लावला. मृण्मयी दोन शब्द बोलून ठेवून द्यायची, मग तिने तो नंबरच बदलला.

त्याच सुमारास घरांच्या गुप्ततेचा कायदा आला. यंत्राला सगळं दिसलं तरी माणसाला सगळं दिसता कामा नये, असं ठरलं. एका विभागाच्या नियोजकाला त्याच्याच विभागाच्या वस्तू दिसू लागल्या, बाकीच्यांवर पडदा. परागकडे केसांच्या निगेचा विभाग आला. तेलं, शाम्पू आणि 'कुंतल'.

कुंतल ही कंपनीची सगळ्यात जुनी वस्तू. शिकेकाई, रिठा आणि वाळवलेली संत्र्याची साल यांची पूड, खरबरीत खाकी कागदाच्या पुडीत. त्या कागदावर ओघाची शाई धरत नसे आणि इतक्या थोड्या विकल्या जाणाऱ्या मालासाठी कागद बदलायचा खटाटोप कोण करणार? म्हणून कुंतलपुरता एक तडजोडीचा नियम केलेला होता. पुडी कोनाड्यातून उचलली गेली की ती वापरली असं धरायचं. कचेरीत सगळे त्याला 'उचललं म्हणजे वापरलं' असंच म्हणत. नियमाच्या कागदावर मंजुरीची सही परागचीच होती.

लहानपणी मृण्मयीचे केस दर रविवारी कुंतलनेच धुतले जात. न्हाणीघरातून तिच्या किंचाळ्या ऐकू येत, कारण शिकेकाई डोळ्यांत जायचीच. मग ती पाठीवर केस मोकळे सोडून उन्हात बसे आणि सगळ्या घराला तो वास येई.

अमरावतीतल्या तिच्या सोसायटीत ओघ पोचला तेव्हा परागने एक गोष्ट केली. यंत्राच्या आकड्यात गरज वाटल्यास नियोजकाला आपल्या हाताने बदल करता येई. त्याने मृण्मयीच्या घराच्या कोनाड्यापुढे कुंतलची एक पुडी लिहिली, दर महिन्याला. नको असेल तर ती बंद करेल, त्याने मनाशी म्हटलं. कोनाड्याच्या आतल्या बाजूला बसवलेल्या छोट्या पडद्यावर त्यासाठी बटण होतं.

पुडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पडद्यावर कोनाडा रिकामा दिसला.

पराग खुर्चीतून उठला, उगाचच जिन्यापर्यंत गेला, परत येऊन पुन्हा पाहिलं. संध्याकाळी घरात पाऊल टाकतानाच तो म्हणाला, "उचलली."

"काय उचललं?" वृषाली वरणाला फोडणी देत होती.

"कुंतल. आपल्या मनूने उचलली."

वृषालीने पळी तशीच धरून ठेवली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे बरी आहे."

"बरी आहे. बरी नसती तर केस धुवायचं सुचलं असतं का तिला?"

त्यानंतर दर महिन्याला हेच. पुडी गेली की वृषाली आशेने त्याच्याकडे बघे आणि तो सांगे, उचलली, मजेत आहे. उन्हाळा लागताना त्याने स्वतःच्या हाताने एकाच्या दोन पुड्या केल्या. त्या दोन्ही उचलल्या गेल्या तेव्हा तो घरी येऊन हौसेने म्हणाला, "बघ, उन्हाळ्यात दोनदा न्हाते अजून. लहानपणची सवय." दोनचा आकडा आपणच लिहिला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मी एकदा जाऊन येऊ का हो?" वृषाली मधूनमधून विचारायची. "नुसती दारातून बघून येईन."

"कशाला? सगळं नीट चाललंय. मला दिसतंय ना. येऊ दे की तिला आधी."

ही पुडी नसती तर पराग मोडला असता. दोन-चार महिन्यांत लेकीच्या काळजीने त्याचा अहंकार विरघळला असता आणि त्याने मुकाट्याने गाडी पकडली असती. पण काळजी वाढू लागली की बरोबर तेव्हाच कोनाडा रिकामा दिसे आणि त्याचा जीव भांड्यात पडे. ओघाने त्याला नमायची गरजच ठेवली नाही. अशी चार वर्षं गेली.

चौथ्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत शर्वरी कोठावदेने विषय काढला. ती नियोजनाची नवी प्रमुख, परागपेक्षा खूप लहान, पण त्याला मान देऊन बोलणारी.

"पराग सर, कुंतलचं काय करायचं? ओघ कधीपासून बंद करा म्हणतोय. दर वेळी तुम्ही हात घालून आकडा वर नेताय."

"जुने ग्राहक आहेत."

"किती राहिलेत पण? तीच यंत्रं शाम्पूला लावली तर—"

"एखादं घर असतं, शर्वरी, ज्याला तेच लागतं."

"कोणतं घर, सर?"

विक्रीचा एक पोरगा खाली मान घालून हसला. इतकी वर्षं आकड्याला पुरावा मागणारा माणूस आज स्वतःच्या आकड्यापुढे गप्प बसला होता. कुंतलची शेवटची खेप काढून उत्पादन थांबवायचं ठरलं. परागने चष्मा काढून बराच वेळ पुसला. बैठक उठल्यावर शर्वरी हळूच म्हणाली, "तुमच्या घरी वापरतात का सर? शेवटच्या खेपेतल्या थोड्या पुड्या ठेवते तुमच्यासाठी."

घरी येऊन त्याने वृषालीला सांगितलं.

तिने गॅस बंद केला. "मग आता तुम्हाला कसं कळणार?"

त्याने खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली.

"तिकिटं काढा," वृषाली म्हणाली. "दोघांची. आणि नाही म्हणालात तर मी एकटी जाईन."

तो नाही म्हणाला नाही. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. कुणीतरी ढकलायला हवं होतं, बायकोने ढकललं. शर्वरीने दिलेल्या पुड्या त्याने कापडी पिशवीत भरल्या, वृषालीने डिंकाचे लाडू केले. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरेपर्यंत पराग वाक्यं जुळवत होता. पहिलं वाक्य, चुकलो, मनू. ते म्हणायला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण गाडीत मनातल्या मनात म्हणून पाहिल्यावर सोपं वाटू लागलं. उतरताना तर त्याला चक्क आनंद झाला होता.

सोसायटीच्या व्हरांड्यात शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी दोघांना निरखून पाहिलं. "मृण्मयीकडे आले काय? आईबाबा काय तुमी?" वृषालीने मान हलवली. त्या तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "लय उशीर केला जी तुमी," आणि घरात निघून गेल्या.

दार ओंकारने उघडलं. त्याने एका क्षणात ओळखलं. कपाळाला आठी नाही, हसू नाही. "या," म्हणाला आणि बाजूला झाला.

मृण्मयी आतल्या खोलीतून आली. अंगाने निम्मी झालेली, आणि केस कानांच्या वर कापलेले.

परागच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. वृषालीने पुढे होऊन लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "अगं, केस कुठे गेले तुझे?"

"कापले. दवाखान्यातच राहायचं होतं, विंचरणार कोण?"

"दवाखान्यात? कोणाला काय झालं होतं?"

मृण्मयीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तुम्ही आईला सांगितलंच नाहीत?"

'ए बाबा' म्हणणारी पोर त्याला तुम्ही म्हणत होती.

"काय सांगायचं?" परागने विचारलं.

"इराबद्दल."

तेव्हा त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. फोटोत एक तान्ही मुलगी खालचे दोन दात दाखवून हसत होती. फोटोला हार होता. ताजा, त्याच दिवशी घातलेला.

वृषाली मटकन खाली बसली. ओंकार पाणी घेऊन आला आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. त्यानेच थोडक्यात सांगितलं. गेल्या पावसाळ्यात ताप आला, तो उतरला नाही, मग फुफ्फुसांत गेला. नागपूरपर्यंत नेलं. टाळ्या वाजवायला नुकतीच शिकली होती.

"अरे, पण मग कळवलं का नाही आम्हाला?" पराग जवळजवळ ओरडला. "एक फोन करायचा!"

"मी करणार होतो," ओंकार म्हणाला. "ती झाली तेव्हाही आणि... तेव्हाही. हिने करू दिला नाही. म्हणाली, बाबांना तिथे बसून सगळं दिसतं. यायचं असतं तर आले असते."

खाली कुठेतरी एक मूल सायकलची घंटी वाजवत होतं.

"मला फक्त पुडी दिसत होती, मनू," पराग म्हणाला. "बाळाच्या वस्तू दुसऱ्या विभागाकडे असतात. कायदा झाला ना मध्ये. आमच्या पडद्यावर फक्त आमच्याच..." त्याचं त्यालाच ऐकवेना. प्रत्येक शब्द खरा होता आणि एकाही शब्दाचा काही उपयोग नव्हता. "मला वाटलं तू बरी आहेस. तू दर महिन्याला पुडी उचलत होतीस."

मृण्मयी उठली. "या," म्हणाली.

मागच्या गॅलरीत एक लोखंडी कपाट होतं. तिने ते उघडलं आणि तो रविवारचा वास अंगावर आला. आत कुंतलच्या पुड्या रचलेल्या होत्या, नीट ओळीने, जुन्या पुढे आणि नव्या मागे, त्यानेच तिला शाळेत असताना स्वयंपाकघरातली फळी लावायला शिकवली होती तशा. पुढच्या पुड्यांचा कागद किड्यांनी खाल्ला होता आणि पूड खाली सांडली होती.

"एकही फोडली नाहीस?" परागच्या तोंडून निघून गेलं. अंगात भिनलेला प्रश्न, दुसरं काही सुचलंच नाही.

"लग्नानंतर एकदाही नाही. मी दुकानातून दुसऱ्या कंपनीचा शाम्पू आणते. कोनाडा मोकळा केला नाही तर बाकीचं सामान मावत नाही, म्हणून उचलायची."

"मग बंद का नाही केलीस? बटण होतं ना गं."

"होतं." ती पुड्यांकडे बघत होती. "पहिली आली तेव्हा मी रडले होते, बाबा. मला कळलं, ही तुम्हीच पाठवलीय. आमच्या सोसायटीत हे कुणाला माहीतही नाही. म्हटलं, आज पुडी आलीय, उद्या बाबा येतील. मग वाटलं, इरा झाल्याचं दिसेल, तेव्हा तरी येतील. पुडीच आली. ती गेली त्या आठवड्यातही पुडी आली. वेळेवर. मी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले होते, आणि कोनाड्यात पुडी."

ती रडली नाही. तिने कपाट लावून घेतलं.

पराग भिंतीला टेकला. विक्रीच्या कितीतरी पोरांना त्याने भर बैठकीत लाजवलं होतं. माल गेला म्हणजे खप झाला का? आणि स्वतःच्या लेकीचं सुखदुःख त्याने कोनाडा रिकामा झाला यावरून मोजलं होतं. आपणच पाठवायची, ती उचलली गेली की आपणच खूश व्हायचं. या सगळ्यात एक नात जन्मली, बसायला लागली, हसली आणि गेली, आणि त्याच्या पडद्यावरच्या आलेखाची रेघ जागची हलली नाही. त्याला आता रडू आलं. आवाज न करता रडता यावं म्हणून त्याने तोंडात पिशवीचा बंद धरला. कुणी जवळ आलं नाही.

आतून वृषालीचा हंबरडा ऐकू आला. मृण्मयी धावत आत गेली. तो दाराशी गेला तेव्हा दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या आणि वृषाली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, कोणावर गेली होती गं, कोणावर गेली होती. तिने वर पाहिलं. परागला वाटलं ती शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणायचात बरी आहे," ती म्हणाली. "दर महिन्याला म्हणायचात. मी तुमच्यावर विश्वास ठेवून सुखाने झोपायचे हो. लेकीचं मूल तिथे तापाने फणफणत होतं आणि मी झोपायचे."

"वृषाली, मला खरंच—"

"मी इथेच राहते. तुम्ही जा."

"किती दिवस?"

"ते मला नका विचारू."

त्याने मृण्मयीकडे पाहिलं. गाडीत जुळवलेलं पहिलं वाक्य आता त्याने म्हटलं. चुकलो, मनू. गाडीत ते किती मोठं वाटलं होतं.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," मृण्मयी म्हणाली. "पण आत्ता मला जमत नाहीये. आत्ता जा तुम्ही."

ओंकार त्याला खालपर्यंत सोडायला आला. रिक्षा थांबवून दिली, पाण्याची बाटली हातात दिली. या माणसाला भेटायलाही आपण नकार दिला होता, हे आठवून परागला त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

नाशिकला आल्यावर त्याने पहिल्या दिवशी कचेरीत जाऊन मृण्मयीच्या कोनाड्यापुढे शून्य लिहिलं. यंत्राने कारण विचारलं. त्याने ती जागा कोरी ठेवली. बाकी दिवस नेहमीसारखे गेले. बैठका झाल्या, भांडणं झाली, कोणीतरी फुगवून आकडे सांगितले. 'खप झाला, की माल गेला' हे मात्र पराग पुन्हा कधी बोलला नाही. विक्रीच्या पोरांना ते खटकलं. सर आजारी आहेत का, असं त्यांनी शर्वरीला विचारलं.

त्याच्या घरीही कोनाडा होता. वृषाली गेली त्यानंतर काही दिवसांतच ओघाच्या लक्षात आलं. भांड्यांच्या पावडरीचा मोठा पुडा यायचा तिथे लहान आला. चंदनाची वडी वृषालीची, ती आलीच नाही. एका सकाळी कोनाड्याच्या पडद्यावर विनम्र अक्षरं उमटली, 'घरातील माणसे दोनऐवजी एक धरावीत का?' हा प्रश्न कसा विचारावा, म्हणजे ज्यांच्या घरात कुणी गेलं असेल त्यांना लागणार नाही, यावर कधीकाळी कचेरीत चर्चा झाली होती. परागने पुष्कळ सूचना केल्या होत्या. आता तो लुंगीवर कोनाड्यासमोर उभा होता. त्याला 'दोन' लिहिता आलं असतं. दोन लिहिलं असतं तर चंदनाची वडी दर महिन्याला आली असती आणि त्याने ती उचलून ठेवली असती.

त्याने 'एक' लिहिलं आणि आत येऊन बसून राहिला.

मग त्याने फोन हातात घेतला. वृषालीने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा केला. त्यानंतर रोज कचेरीतून आला की तो चहा करायचा, कप समोर ठेवायचा आणि फोन लावायचा. घंटी वाजून वाजून बंद होई. चहावर साय धरे.

एके दिवशी वृषालीने फोन घेतला.

"काय हो?" तिचा आवाज थकलेला होता. "काही काम होतं का?"

"काम नाही. सहजच केला." त्याने कप बाजूला सारला. "जेवलीस का? आणि मनू... मनू कशी आहे?"

"तिलाच विचारा," वृषाली म्हणाली. मग तिचा दूर गेलेला आवाज आला, "मनू, बाबांचा फोन आहे." फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला.

पराग खुर्चीत सावरून बसला. त्याने फोन कानाशी घट्ट धरला. लेकीच्या घरातलं सगळं त्याला ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी नळ सोडला, बंद केला. ओंकार काहीतरी म्हणाला, त्यावर दोन शब्दांचं उत्तर आलं, ते मृण्मयीचं होतं. ताटं मांडली गेली. एक खुर्ची सरकली आणि पावलं फोनच्या दिशेने आली, जवळ येऊन थांबली. कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"मनू?" तो म्हणाला.

पावलं मागे फिरली. पलीकडे वाढायला सुरुवात झाली, वाट्यांचा आवाज येऊ लागला. फोन कुणी उचलला नाही, बंदही केला नाही. पराग कान लावून बसून राहिला, ती माणसं जेवत होती तोवर.